पुण्यात बसून मेडिकेअरची फसवणूक दिसली तर काय करावे: एका मेडिकल कोडरच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पुण्यातील एका कंपनीत गेली चार वर्षे अमेरिकेतील मेडिकेअर अॅडव्हान्टेज विमा योजनांसाठी (म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य विम्याच्या, पण खासगी कंपन्यांनी चालवलेल्या योजनांसाठी) रुग्णांचे चार्ट वाचून एचसीसी कोडिंग, म्हणजे देयक ठरवणाऱ्या आजारगटांनुसार निदानाचे कोड लावण्याचे काम, करता. अनेक वर्षांपूर्वी पक्षाघात येऊन गेलेल्या रुग्णाला साध्या बाह्यरुग्ण भेटीत आजचा तीव्र पक्षाघात म्हणून कोड लावणे, बऱ्या झालेल्या कर्करोगाला सक्रिय कर्करोग म्हणून नोंदवणे, असे आपल्या टीममध्ये सर्रास चालते. आपण ते टीम लीडला दाखवले, तेव्हा ‘क्लायंटची गाइडलाइन आहे’ असे उत्तर मिळाले आणि पुढच्याच महिन्यात आपला क्वालिटी स्कोअर खाली आला. भारतात राहून अमेरिकेत तक्रार करता येते का, स्क्रीनशॉट घ्यावेत का, तक्रारदाराला मिळणाऱ्या बक्षिसाची गोष्ट खरी आहे का आणि नोकरी गेली तर कोण वाचवणार, हे आपण विचारले आहे. मी न्यू जर्सीत वकिली करते. आधी रुग्णालयांच्या बाजूने आणि नंतर तक्रारदारांच्या बाजूने अशी दोन्हीकडची प्रकरणे मी हाताळली आहेत, त्या अनुभवावरून उत्तर देते. हे उत्तर म्हणजे आपल्या प्रकरणावरचा कायदेशीर सल्ला मात्र नव्हे, कारण आपली कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत.

अमेरिकी सरकारची फसवणूक झाल्याबद्दल तेथील फॉल्स क्लेम्स अॅक्ट या कायद्याखाली दावा दाखल करण्याचा अधिकार आपल्याला आहे. भारतीय नागरिक असणे, भारतात राहणे किंवा अमेरिकेत कधीही पाऊल न ठेवलेले असणे याने त्याला बाध येत नाही. मात्र त्या अधिकारासोबत अमेरिकेतील कर्मचाऱ्याला जे संरक्षण मिळते, ते पुण्यातील नोकरीला मिळेल असे गृहीत धरू नका. पुढचे सगळे उत्तर या एका फरकावर उभे आहे. इंटरनेटवर वाचायला मिळणारे बहुतेक सल्ले अमेरिकेत राहणाऱ्या नर्ससाठी किंवा बिलरसाठी लिहिलेले असतात, आणि ते जसेच्या तसे उचलले तर आपल्यासारख्याचे नुकसान होऊ शकते.

प्रथम, आपण पाहता ती खरोखर फसवणूक आहे का? मेडिकेअर अॅडव्हान्टेजमध्ये सरकार विमा कंपनीला प्रत्येक सदस्यामागे दरमहा ठरावीक रक्कम देते आणि सदस्य जितका आजारी, तितकी ती रक्कम वाढते. रुग्ण किती आजारी आहे हे ठरते आपण लावलेल्या निदानाच्या कोडवरून. म्हणून या व्यवस्थेत एखादी खोटी शस्त्रक्रिया दाखवण्याची गरजच पडत नाही. चार्टमधील ‘पूर्वी पक्षाघात झाला होता’ हे वाक्य वाचून आय ६३ गटातील कोड लावला, की वर्षभराचे देयक फुगते. कोडिंगचे नियम याबाबत स्पष्ट आहेत. आय ६३ हा कोड तीव्र झटक्याच्या मूळ प्रसंगासाठी असतो. त्यानंतर दुष्परिणाम उरले असतील तर आय ६९ आणि काहीच उरले नसेल तर झेड ८६.७३ लावायचा असतो. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने जोखमीच्या म्हणून ज्या निदानगटांचे लेखापरीक्षण सातत्याने केले आहे, त्यांत तीव्र पक्षाघात, हृदयविकाराचा तीव्र झटका आणि काही कर्करोग आहेत. म्हणजे आपल्याला खटकलेली गोष्ट ही आपली शंकेखोर वृत्ती नव्हे.

कर्करोगाबाबत मात्र थोडे थांबून पाहावे लागेल. स्तनाची गाठ काढून टाकली असली, तरी त्याच कर्करोगावरचा उपचार चालू असेल, तर सक्रिय कर्करोगाचा कोड नियमाला धरून असू शकतो. उपचार संपलेला असेल आणि रोगाचा पुरावा नसेल, तर झेड ८५.३ लागतो. आपण ज्या चार्टांवर बोट ठेवता आहात त्यांत औषधांची यादी पाहिली होती का, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत कोणताही वकील आपल्याला विचारेल. वीस चार्टांपैकी सहा असे निघाले, तर उरलेल्या चौदांवरचा विश्वासही डळमळतो.

आपल्या पत्रातील एक वाक्य मला याहून महत्त्वाचे वाटले, आणि ते आपण जाता जाता लिहिले आहे: ‘आम्हाला फक्त सुटलेले कोड शोधायला सांगतात, चुकीने लागलेले काढायला कधीच सांगत नाहीत.’ या व्यवसायात याला एकतर्फी चार्ट रिव्ह्यू म्हणतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सिग्ना या विमा कंपनीने सुमारे १७ कोटी २० लाख डॉलर भरून जी तडजोड केली, त्यातील एक प्रमुख आरोप हाच होता. कंपनीने कोडर लावून चार्ट पुन्हा वाचून घेतले, नव्याने सापडलेले कोड सरकारकडे पाठवले, पण ज्या जुन्या कोडांना त्याच वाचनात आधार सापडला नाही ते मागे घेतले नाहीत, असे सरकारचे म्हणणे होते. जास्त मिळालेली रक्कम लक्षात आल्यावर ६० दिवसांत परत करण्याचे बंधन २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने घातले आहे आणि ती दडवून ठेवणे हाही खोटा दावाच ठरतो. त्यामुळे आपण टीम लीडला पाठवलेला तो ईमेल, ज्यात कोड निराधार असल्याचे आपण लिहिले आहे, हा आपल्या हातातील सर्वांत वजनदार पुरावा असू शकतो. त्या दिवसापासून ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणणे आपल्या कंपनीला अवघड जाते. कायद्याला इथे प्रत्यक्ष जाणीव, जाणूनबुजून डोळेझाक किंवा बेपर्वाई यांपैकी एक पुरते, आणि आरोपीच्या मनात त्या वेळी काय होते हे महत्त्वाचे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सुपरव्हॅल्यू प्रकरणात स्पष्ट केले आहे. तो ईमेल क्लायंट विमा कंपनीपर्यंत पोचला की टीम लीडच्या इनबॉक्समध्येच राहिला, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला माहीत असण्याचे कारण नाही.

आता कायदा. फॉल्स क्लेम्स अॅक्ट १८६३ चा, म्हणजे लिंकनच्या काळातला. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या कंत्राटदारांना आवरण्यासाठी तो आला. सरकारची फसवणूक झाल्याचे ज्याला ठाऊक आहे अशी कोणतीही व्यक्ती सरकारच्या वतीने दावा लावू शकते आणि वसुलीतला हिस्सा मिळवू शकते, ही त्यातील मूळ कल्पना आजही टिकून आहे. १९८६ च्या दुरुस्तीने तिला पुन्हा धार आली. या दाव्याला क्वि टॅम आणि दावा लावणाऱ्याला रिलेटर म्हणतात. सरकार दाव्यात सामील झाले तर रिलेटरला वसुलीच्या १५ ते २५ टक्के, आणि सरकारने अंग काढून घेतल्यावर त्याने एकट्याने तो जिंकला तर २५ ते ३० टक्के मिळतात. प्रतिवादीवर नुकसानीच्या तिप्पट रक्कम बसतेच, शिवाय प्रत्येक खोट्या दाव्यामागे वेगळा दंडही बसतो, जो २०२४ मध्ये १३,९४६ ते २७,८९४ डॉलर होता.

भारतीय वंशाच्या माणसाने हे करून दाखवल्याचे उदाहरण आपल्याला माहीत असेलच. रॅनबॅक्सी या औषध कंपनीतील दिनेश ठाकूर यांनी २००५ मध्ये कंपनी सोडली आणि २००७ मध्ये मेरीलँडच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. २०१३ च्या मे महिन्यात कंपनीने गुन्हे कबूल करून ५० कोटी डॉलर भरले आणि ठाकूर यांच्या वाट्याला सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर आले. ही रक्कम वाचून पुष्कळांचे डोळे विस्फारतात, पण मी अशिलांना त्यातली वर्षे मोजायला सांगते. दावा लावल्यापासून सहा वर्षे, नोकरी सोडल्यापासून आठ. दुसरीकडे युनायटेडहेल्थविरुद्धचा दावा पाहा. त्याच कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने तो २०११ मध्ये लावला, विषय जवळपास आपलाच होता, २०१७ मध्ये सरकारही सामील झाले; आणि २०२५ च्या मार्चमध्ये न्यायालयाने नेमलेल्या स्पेशल मास्टरने सरकारचा दावा फेटाळावा अशी शिफारस केली, कारण ज्या कोडांबद्दल तक्रार होती ते प्रत्यक्ष चार्टमध्ये निराधार होते हे दाखवणारा पुरावा तिच्या मते पुढे आला नव्हता. आपल्यासारख्या कोडरचे मोल इथे आहे. कंपनीचे धोरण सांगणारे अधिकारी पुष्कळ मिळतात, पण चार्ट उघडून ‘या पानावर या कोडाला आधार नाही’ असे सांगू शकणारा माणूस क्वचित मिळतो.

संरक्षणाविषयी मी मुद्दाम सविस्तर लिहिते. याच कायद्यात सूडबुद्धीने केलेल्या कारवाईविरुद्ध तरतूद आहे. नोकरीवर परत घेणे, बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम, व्याज, विशेष नुकसानभरपाई आणि वकिलाची फी हे सर्व मागता येते, त्यासाठी तीन वर्षांची मुदत असते, आणि क्वि टॅम दावा लावलेला नसतानाही, नुसते गैरप्रकार थांबवण्याचे प्रयत्न केले असले तरी ते लागू होते. २००९ नंतर कंत्राटदार आणि एजंटही त्यात आले. हे सगळे न्यू जर्सीतील कोडरसाठी. परंतु संसदेने स्पष्ट म्हटल्याशिवाय अमेरिकेचा कायदा देशाबाहेर लागू होत नाही, असे तेथील न्यायालये धरून चालतात आणि या तरतुदीत तसे काही म्हटलेले नाही. सार्बेन्स-ऑक्सली या दुसऱ्या कायद्याखाली अर्जेंटिनातील एका कर्मचाऱ्याने असेच संरक्षण मागितले होते, तेव्हा बोस्टनच्या फेडरल अपील न्यायालयाने २००६ मध्ये त्याला ते नाकारले. पुण्यात नेमणूक, पुण्यात पगार, पुण्यातच बडतर्फी, अशा स्थितीत आपल्या प्रकरणात वेगळा निकाल लागेल या आशेवर घराचे हप्ते ठेवू नयेत.

मग भारतातील कायदा? गैरव्यवहार उघड करणाऱ्या सत्येंद्र दुबे आणि मंजुनाथ षण्मुगम यांच्या हत्यांनंतर झालेल्या मागणीतून २०१४ चा व्हिसल ब्लोअर्स प्रोटेक्शन अॅक्ट आला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अमलात आणलेला नाही. आणला असता, तरी त्याचा विषय लोकसेवकांचा भ्रष्टाचार हा आहे, खासगी कंपनीने परदेशी सरकारची केलेली फसवणूक नव्हे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७७ मध्ये जी दक्षता यंत्रणा सांगितली आहे, ती सूचिबद्ध कंपन्यांना, जनतेच्या ठेवी घेणाऱ्यांना आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून अधिक कर्ज घेतलेल्यांना बंधनकारक आहे. आपली कंपनी त्यांत बसते का हे आधी पाहा. बसत असेल, तर योग्य प्रकरणात ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जाण्याची वाट आपल्याला आहे. मराठी वृत्तपत्रांनी व्हिसल ब्लोअरसाठी ‘जागल्या’ हा सुंदर शब्द रूढ केला, पण गावचा जागल्या गावाने नेमलेला असे, रात्री हाक देणे हेच त्याचे काम असे. आपल्याला ही जबाबदारी कुणी दिलेली नाही, आणि हाक दिल्यावर आधी आपल्याच दारावर थाप पडण्याची शक्यता अधिक आहे.

म्हणून पुराव्याबाबत मी कडक आहे. स्क्रीनशॉट घेऊ नका. आपल्या फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, कामाचा संगणक रिमोट सर्व्हरवर चालतो आणि प्रत्येक प्रिंट, कॉपी, डाउनलोडची नोंद राहते, हे आपण जाणताच. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता राखणाऱ्या अमेरिकेच्या हिपा नियमांत जागल्यांसाठी एक महत्त्वाची सवलत आहे: कर्मचाऱ्याने गैरप्रकार होत असल्याच्या प्रामाणिक समजुतीने रुग्णाची माहिती देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला किंवा स्वतः नेमलेल्या वकिलाला दिली, तर त्याच्या कंपनीने हिपाचा भंग केला असे मानले जात नाही. ‘नेमलेल्या’ हा शब्द लक्षात ठेवा. वकील नेमण्याआधी घरच्या ईमेलवर पाठवलेली फाइल, पत्रकाराला दिलेली फाइल किंवा मित्राच्या ड्राइव्हवर ठेवलेली फाइल या सवलतीत बसत नाही. शिवाय भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७२अ आहे. करारान्वये मिळालेली वैयक्तिक माहिती, कुणाचे गैरवाजवी नुकसान होईल हे जाणून, संमतीशिवाय उघड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपला हेतू तसा नाही हे आपण पुढे दाखवाल, पण तोवर पोलीस चौकीच्या फेऱ्या आपल्यालाच घालाव्या लागतील. बेकायदेशीर हेतूचा करार १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे रद्दबातल असतो, म्हणून गोपनीयतेचा करार फसवणूक झाकू शकत नाही, हा युक्तिवाद मला पटतो. तो चौकीत नव्हे, न्यायालयात करायचा असतो.

मी रुग्णालयाच्या बाजूने काम करत असताना एका बिलिंग कर्मचाऱ्याने सोडून जाण्याच्या आठवड्यात हजारो रुग्णांचे पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर नेले. त्याची मूळ तक्रार खरी होती, हे मला तेव्हाही दिसत होते. पण आम्ही त्याच्यावर प्रतिदावा लावला, आणि पुढचे दीड वर्ष खोट्या बिलांऐवजी त्या पेन ड्राइव्हवरच वाद होत राहिला. हे सांगताना मला अभिमान वाटत नाही, पण समोरचा वकील काय करतो हे आपल्याला ठाऊक असावे.

त्याऐवजी घरी, स्वतःच्या वहीत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवा. कोणत्या तारखेला कोणत्या प्रकारचा चार्ट होता, नोंदीत कोणते वाक्य होते, कोणता कोड लावला गेला, कोणी कोणत्या शब्दांत सूचना दिली, त्या वेळी आणखी कोण हजर होते. रुग्णाचे नाव, जन्मतारीख, मेडिकेअर क्रमांक लिहू नका. त्या त्या दिवशी केलेली नोंद तीन वर्षांनी आठवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह ठरते, आणि फसवणुकीचा दावा कोण, काय, कधी, कुठे, कसे या तपशिलांसह मांडावा लागतो, नाहीतर तो पहिल्याच टप्प्यावर फेटाळला जातो. मूळ चार्ट सरकार समन्स काढून विमा कंपनीकडून मागवू शकते. ते आपण काढून आणण्याची गरज नाही. कुठे शोधायचे एवढे सांगता आले पाहिजे.

कंपनीत वर तक्रार करावी का? दरवर्षी फसवणूक आणि गैरवापर रोखण्याचे जे ऑनलाइन प्रशिक्षण आपण सगळे भराभर ‘नेक्स्ट’ दाबत संपवता, ते कुणाच्या हौसेखातर नसते. मेडिकेअर अॅडव्हान्टेज कंपन्यांना आणि त्यांचे काम करणाऱ्या उपकंत्राटदारांना तक्रारीचा मार्ग ठेवावा लागतो आणि तक्रारदारावर सूड उगवणार नाही असे धोरणही जाहीर करावे लागते. त्या स्लाइडवर बहुधा क्लायंट विमा कंपनीचा हॉटलाइन क्रमांकही असतो. माझ्या मते आपण टीम लीडला एकदा लेखी कळवले आहे, ते तूर्त पुरेसे आहे. यापुढची प्रत्येक पायरी वकिलाशी बोलून चढावी. अंतर्गत तक्रारीने कधी कधी चूक खरोखर दुरुस्त होते, तर कधी जुने ईमेल नाहीसे होतात. दरम्यान, स्वतः निराधार कोड लावू नका. दबाव आला तर ‘या नोंदीत आधार दिसत नाही, कृपया मार्गदर्शन करावे’ एवढीच क्वेरी सिस्टीममध्ये टाका. वरच्यांच्या सांगण्यावरून आजवर लावलेल्या कोडांची धास्ती आपल्या पत्रात जाणवते. फसवणुकीची आखणी ज्याने केली त्याचा हिस्सा न्यायालय कमी करू शकते आणि त्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला काहीच मिळत नाही. टार्गेट पूर्ण करणारा कोडर सहसा त्यांत मोडत नाही, तरीही आपल्या वकिलाला ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा.

दावा वकिलाशिवाय लावता येत नाही, कारण त्यात आपण स्वतःचे नव्हे तर सरकारचे म्हणणे मांडत असता. या क्षेत्रातील बरेच अमेरिकन वकील वसुलीतील हिश्शावर काम करतात आणि पहिले बोलणे विनामूल्य असते. ते बोलणे कंपनीच्या लॅपटॉपवरून, ईमेलवरून किंवा वायफायवरून करू नका. त्या संभाषणाची गोपनीयता कायदा राखतो, सहकाऱ्याशी चहाच्या टपरीवर केलेल्या संभाषणाची नाही. आणि तो सहकारीच आपल्याआधी दावा लावून बसला, तर त्याच तथ्यांवरचा आपला दावा अडतो, कारण पहिल्याने दाखल केलेलाच चालतो. समाजमाध्यमावर लिहिणे तर पूर्णपणे टाळा. वृत्तपत्रांतून किंवा सरकारी अहवालांतून माहिती आधीच जाहीर झाली असेल, तर दाव्यावर वेगळा अडथळा येतो.

दाखल झाल्यावर दावा किमान ६० दिवस सीलबंद राहतो, आणि प्रत्यक्षात ही मुदत वाढत वाढत काही वर्षांपर्यंत जाते. त्या काळात नवरा-बायकोखेरीज कुणाला सांगायचे, हेही वकिलाला विचारूनच ठरवावे. सील उघडल्यावर मात्र आपले नाव सहसा सार्वजनिक होते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणाऱ्या प्रत्येक कंपनीला ते शोधता येते. हे मान्य नसेल, तर महानिरीक्षक कार्यालयाच्या हॉटलाइनवर ऑनलाइन तक्रार नाव न देताही करता येते. त्यातून हिस्सा मिळत नाही, पुढे काय झाले ते बहुधा कळतही नाही, पण माहिती पोचते. माझ्याकडे आलेल्या काही जणांनी हीच वाट निवडली, आणि मी त्यांना अडवले नाही. आणखी एक गोष्ट: फ्लोरिडातील एका फेडरल न्यायाधीशांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, मेडिकेअर अॅडव्हान्टेजच्याच एका प्रकरणात, क्वि टॅमची तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि त्याविरुद्ध अपील झाले. म्हणून दावा कोणत्या राज्यातील न्यायालयात लावायचा याचा विचार आता पूर्वीपेक्षा अधिक काळजीपूर्वक करावा लागतो. दावा लावण्याची मुदत साधारणपणे गैरप्रकार घडल्यापासून सहा वर्षांची असते, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचे चार्ट अजून हातचे गेलेले नाहीत.

आपण राजीनाम्याचा विचार करता आहात असे शेवटी लिहिले आहे. त्याला माझी हरकत नाही. दुसरी नोकरी हातात घेऊन, रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचे पत्र मिळवून शांतपणे बाहेर पडलेल्या तक्रारदारावर कंपनीची पकड कमी राहते. फक्त फुल अँड फायनलच्या वेळी समोर येणारे कागद तिथल्या तिथे सही करून देऊ नका. ‘कंपनीत नियमभंग झाल्याचे माझ्या माहितीत नाही’ असे एखादे वाक्य त्यांत असते, किंवा सर्व दावे सोडून दिल्याचा मजकूर असतो. सरकारला माहिती मिळण्यापूर्वी दिलेली अशी सोडचिठ्ठी क्वि टॅमच्या आड येऊ न देण्याकडे अमेरिकन न्यायालयांचा कल आहे, परंतु खोट्या निवेदनावरची आपली सही पुढे उलटतपासणीत आपल्यालाच दाखवली जाईल. एचआरकडे दोन दिवसांची मुदत मागा, कागदाची प्रत घ्या आणि ती आपल्या वकिलाला वाचायला द्या.